गोमाजीच्या गाडीचं लॉक

१६ एप्रिल १९९०, सोमवार

कंपनीला टाळं लागून सहा महिने झाले. ही वहीसुद्धा कंपनीचीच. टूलरूममध्ये मी रोजच्या कामाची नोंद ठेवायचो, तिची अर्धी पानं कोरी राहिली होती. कंपनीने आमचं बरंच काही ठेवून घेतलं, मी एक वही ठेवून घेतली. फिट्टंफाट.

आज माझा मेव्हणा जगन आला होता. तो ठाण्यात एका सिक्युरिटी एजन्सीत आहे. खाकी शर्ट, खांद्यावर पट्टी. बसल्या बसल्या म्हणाला, "दाजी, घोडबंदर रोडला नवीन कॉम्प्लेक्स झालंय. गेटवर माणूस पाहिजे. मी तुमचं नाव देऊन ठेवलंय. एक जूनला सकाळी आठला उभं राहायचं."

उभं राहायचं! गाडी आली की गेट उघडायचं, सलाम ठोकायचा, गेट लावायचं. एकवीस वर्षं मी केसाच्या जाडीची मापं काढली, आता मोटारी मोजू?

मी म्हटलं, जमणार नाही. कलावतीने विचारलं, का? माझी बायको असून तिने हे विचारावं! माझा आजा जुन्नरकडे गावचा येसकर होता. वेशीवर काठी घेऊन उभा राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला जोहार घालायचा आणि संध्याकाळी भाकरीसाठी दारोदार हाक मारायचा. माझ्या बापाने बाबासाहेबांचं ऐकलं आणि ती काठी टाकली. कल्याणला येऊन रेल्वेत कोळसा ओढला, पण पुन्हा कुणाच्या दारात उभा राहिला नाही. मी आयटीआय केलं, फिटर झालो. आणि आता एवढं सगळं करून मी परत वेशीवर? काठीच्या जागी शिट्टी, एवढाच फरक.

हे सगळं मी जगनसमोर बोललो. तो म्हणाला, "मी पण गेटवरच असतो, दाजी," आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठला. त्याला राग यायचं काही कारण नव्हतं. मी माझ्याबद्दल बोलत होतो.

१९ एप्रिल, गुरुवार

दर गुरुवारी कोपरच्या घरून कोलशेतला जातो, कंपनीच्या गेटावरचं टाळं तसंच आहे का बघतो. तसंच आहे. मग खाडीकडच्या टपरीवर चहा घेतो. आज तिथे गोमाजी कोळी स्वतःच्या गाडीला शिव्या घालत होता.

गाडी मी पूर्वीही बघितलेली. पुलाच्या कामाला कुठलीशी परदेशी कंपनी आली होती, ती जाताना लिलावात विकून गेली. चारही चाकांना ताकद असलेली, उंच, दणकट गाडी. गोमाजीने ती बोटी ओढायला घेतली. पावसाळ्याआधी त्याच्या तीन बोटी खाडीतून वर सुक्यावर आणायच्या असतात. पूर्वी गाव मिळून ओढायचं. आता गावातली पोरं नोकऱ्यांना लागली, दोराला हात लावायला माणूस नाही.

"मिस्तरी, ही गारी नाय, घराव बसलेला पावना हाय," तो म्हणाला. "खाते, पीते, काम नाय करत. चिखलान घातली का यकच चाक फिरतं."

मी खाली शिरलो. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल मध्येच बसवलाय. रस्त्यावर ठीक. पण एक चाक चिखलात सुटं फिरलं की सगळी ताकद तिकडेच पळते आणि बाकीची तीन चाकं तमाशा बघतात. म्हणून बनवणाऱ्याने लॉक दिलंय. बटण ओढलं की पुढचं आणि मागचं एक होतं. हे लॉक हवेच्या ओढीवर चालतं. पत्र्याची एक डबी, तिच्यात रबराचा पडदा. नळीतून हवा ओढली गेली की पडदा सरकतो, तो दांडा सरकवतो, दांडा दातात दात अडकवतो. अक्कल आहे हां गोऱ्यांना.

डबी उघडली तर पडदा फाटलेला. मी गोमाजीला सांगितलं, हे लॉक मी चालू करून देतो. त्याने विचारलं, "तू गारीचा मिस्तरी हाय का?" म्हटलं, मी टूलरूमचा आहे. गाडीवाले आमच्याकडे शिकायला यायचे. (हे खोटं. कुणी आलं नाही. मला गाडी चालवतासुद्धा येत नाही.)

डबी दांड्यासकट सोबत घेतली आणि सगळी मापं वहीच्या मागच्या पानावर उतरवली. दांड्याची सरक एकोणीस मिलिमीटर. मनासारखं काम मिळालं. घरी येऊन कलावतीला सांगितलं, जगनला कळव, दुसरा माणूस बघ म्हणावं. तिने पोळी लाटता लाटता फक्त "बरं" म्हटलं. तिचं हे "बरं" मला आवडत नाही.

२५ एप्रिल, बुधवार. अमावस्या

ट्यूबच्या रबराचा पडदा कापून बसवला. नळी तोंडात धरून हवा ओढली की दांडा खट् करून सरकतो, सोडली की परत. घरी पन्नास वेळा करून बघितलं. गाल दुखायला लागले.

बोट ओढायची तर उधाण लागतं. अमावस्येला आणि पुनवेला खाडी भरून वर चढते, तेव्हा बोट तरंगत उतारापर्यंत आणायची आणि पाणी उतरायच्या आत वर खेचायची. म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा संधी. आज दुपारी भरतीला दोर बांधला, गोमाजी गाडीत बसला, बटण ओढलं. एक चाक गरगर फिरलं आणि आम्हा सगळ्यांना चिखलाने न्हाऊ घातलं. बाकीची तीन जागची हलली नाहीत.

गोमाजीची बायको सगुणा पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "मिस्तरी, आता हिला पुढून बैल जुपा."

रबर पातळ पडलं असणार. दुसरं काही असूच शकत नाही. जाड रबर टाकतो.

२७ एप्रिल, शुक्रवार

जाड रबर टाकलं, तोंडाने ओढलं, झकास सरकला. तेवढ्यात कलावती तांदूळ निवडत म्हणाली, "तुम्ही तोंडाने ओढताय. गाडीत कोण ओढतं?"

मी म्हटलं, इंजिन ओढतं. तुला त्यातलं काय कळतं?

"नाही, म्हटलं विचारावं. ओढतंय का ते?"

बायकांना मधे बोलायची सवय. पण उद्या इंजिनं जाणणाऱ्या कुणाला तरी विचारून येतो.

२८ एप्रिल, शनिवार

विठ्ठलवाडीला नाथाच्या गॅरेजमध्ये गेलो. नाथा टेम्पोची इंजिनं बांधतो, माझ्याबरोबर आयटीआयला होता. त्याने ऐकून घेतलं आणि इतका हसला की हातातला पाना खाली पडला.

"अरे दगडू, गोमाजीने पेट्रोलचं इंजिन काढून टेम्पोचं डिझेल टाकलंय. मीच टाकलंय. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेत झडप असते, म्हणून तिथे ओढ तयार होते. डिझेलला झडपच नाही, तर ओढ कुठून येणार? तुझं लॉक त्याच दिवशी मेलं."

आपल्याकडे कुणाला परदेशी गाडी मिळाली की पहिलं काम हेच, पेट्रोल काढा, डिझेल टाका. मग गाडीचं दुसरं काय काय त्या इंजिनावर अवलंबून होतं, हे कोण बघतो? मीही नाही बघितलं. डबी खोलली, पडदा बदलला, पण डबीला ओढ कुठून मिळते हे एकदाही विचारलं नाही. टूलरूमच्या माणसाची खोड ही. हातात आलेला तुकडा तेवढा बघायचा.

नाथा म्हणाला, ब्रेक हलका करायला एक छोटा पंप बसवलाय, तो ओढ तयार करतो. त्याच्या नळीला फाटा काढ.

बघा, निघालाच मार्ग. हा फाट्याचा विचार तसा माझ्याही मनात आला असता.

१० मे, गुरुवार

काल बुद्ध पौर्णिमा. विहारात गेलो होतो, मन शांत होतं. आज सगळं विस्कटलं.

फाटा काढून लॉक चाललं. खरोखर चाललं! चारही चाकांनी चिखल धरला आणि पहिली बोट उतारावरून अशी वर आली की दोन-चार म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. मग दोर सैल करायला गोमाजीने गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला, आणि ब्रेक दगडासारखा. गाडी घसरत मागे गेली आणि बोटीवर आदळली. बोटीपाशी सगुणा उभी होती. ती बाजूला उडी मारून पडली. वीतभर फळी फुटली.

माझ्या पडद्याला कडेला बारीक भोक होतं. तिथून हवा शिरत राहिली आणि ब्रेकची सगळी ओढ खाऊन गेली. ब्रेकच्या नळीला हात लावताना मला हे सुचायला हवं होतं.

सगुणा उठली, कोपर झाडलं आणि फुटलेल्या फळीवरून हात फिरवला. गोमाजी म्हणाला, "बस झाला. तुजी अवजारा उचल. तुजी कंपनी कशाला बंद परली ता आता समजला मना."

हे शेवटचं बोलायला नको होतं त्याने. चूक माझी होती, कबूल. कंपनी माझ्यामुळे बंद पडली नाही.

१३ मे, रविवार

जगन फॉर्म घेऊन आला. नाव, वय, उंची, छातीचं माप. माझ्याकडे न बघता कलावतीशी बोलत होता. ती म्हणाली, "ठेव तिथं. महिनाअखेरीला बघू." म्हणजे तिनेही माझ्यावर पाणी सोडलं.

संध्याकाळी ती कल्याणला मावशीकडे जाऊन येते म्हणून गेली. येताना सुका जवळा घेऊन आली. चांगला ताजा होता. कल्याणला हल्ली जवळा बरा मिळतो वाटतं.

१५ मे, मंगळवार

पाच दिवस ओट्यावर बसून होतो. शेजारचे विचारतात, "काय दगडूभाऊ, सुट्टी का?" सुट्टी! येता-जाता ऐकवतात, गेटवरची नोकरी वाईट नाही, सावलीत बसायला मिळतं. वाईट नाही हे मलाही कळतं. ज्याला करायची त्याने करावी. मी करणार नाही. माझ्या हाताला येतं ते काम असताना मी त्या हाताने सलाम ठोकणार नाही, मग लोक मला माजोरी म्हणोत की मूर्ख.

सकाळी एकदम डोक्यात आलं. मी इतके दिवस मेलेल्या ओढीलाच जिवंत करत बसलोय. इंजिनाची ओढ नाही, ब्रेकची उसनी घेतली तर ती जिवावर उठली. मग ओढ हवीच कशाला? डबी काढून फेकायची. दांडा तोच, सरक तीच, एकोणीस मिलिमीटर. ड्रायव्हरच्या हाताशी एक लिव्हर द्यायचा आणि माणसाने आपल्या हाताने ओढायचं.

गाडी माझ्याकडे नाही, गोमाजी दारात उभं करणार नाही. पण वहीच्या मागच्या पानावर मापं आहेत. बनवतोच.

१८ मे, शुक्रवार

नाथाच्या शेजारच्या लेथवर दांडा कातला. पण एक गोष्ट त्या रबरी पडद्याकडे होती, ती हाताकडे नाही. कधी कधी दातासमोर नेमका दात येतो, तेव्हा लॉक बसत नाही. पडदा कंटाळायचा नाही, ओढ धरून राहायचा. चाक जरासं सरकलं, दात खाचेसमोर आला, की आत शिरायचा. माणूस मात्र दोनदा ओढतो आणि तिसऱ्यांदा दांडा वाकवतो.

म्हणून दांड्याच्या मध्ये एक स्प्रिंग घातली. हाताने लिव्हर ओढून खाचेत अडकवायचा. दात बसला नाही तरी स्प्रिंग ताणलेली राहते आणि वाट बघते. चार स्प्रिंगा करून टाकून दिल्या, पाचवी बरोबर आली. नाथाने हातात घेऊन बघितली. या वेळी हसला नाही.

कलावती परत कल्याणला गेली होती. परत जवळा.

२१ मे, सोमवार

हिंमत करून कोलशेतला गेलो. गोमाजी जाळं विणत होता, मान वर केली नाही. मी लिव्हर आणि दांडा त्याच्या समोर फळीवर ठेवला. म्हटलं, यात नळी नाही, पंप नाही, ब्रेकशी संबंध नाही. फुटलेली फळी मी बसवून देतो. एक उधाण दे.

तो नाही म्हणणार होता, मला दिसत होतं. पण सगुणा आतून आली. "द्या त्याला यक उधान. मी परली, मी सांगतंय. कलावती म्हनते ता खोटा नाय. ह्यो मानूस हट्टी हाय, पन चोर नाय."

कलावतीचं नाव हिला कसं ठाऊक? गोमाजीला मी कधीतरी सांगितलं असेन.

दोन दिवस लागले तरी चालतील, पण बसवून दाखवतो. गुरुवारी अमावस्या.

२४ मे, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

दीडच्या सुमारास भरती आली. दोन बोटी उतारापाशी तरंगत होत्या. दोर बांधला. तेव्हा गोमाजी म्हणाला, "मी नाय बसनार. माजा जीव यकच हाय. तुजी लिवर, तू चालव."

सगळं गाव बघत होतं. मला चालवता येत नाही, हे आता कोणत्या तोंडाने सांगू? तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बसतो." जगन. खाकी कपड्यात, फॉर्म खिशात. म्हणे सही घ्यायला आला होता, घरी कळलं मी इथे आहे. त्याला गाडी चालवता येते हेच मला माहीत नव्हतं. एजन्सीच्या जीपवर शिकला म्हणे. बूट काढले, पँट दुमडली आणि चढला.

मी खिडकीतून सांगितलं, लिव्हर ओढ, खाचेत अडकव आणि क्लच हळू सोड. त्याने तसं केलं. एक चाक फिरलं. फक्त एकच. सगळ्यांच्या अंगावर चिखल. कुणीतरी हसलं. पाणी उतरायला लागलं होतं. गोमाजी ओरडला, "सोरा दोर!" मी ओरडलो, "कुणी हात लावायचा नाही! जगन, पुढे घेऊ नकोस. जरा मागे, बोटभर मागे!"

त्याने बोटभर मागे घेतली. आणि खट्. दात बसला. मी उतारावर उभा होतो तरी मला पायात जाणवलं.

मग चारही चाकांनी एकदम चिखल धरला. बोट आधी हललीच नाही, मग कुरकुरली, मग वर आली. थेट सुक्यावर. जगनने ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. दुसरी बोट अर्ध्या तासात आणली. गोमाजीने मला मिठी मारली, दोघंही चिखलाने भरलेले, मला रडू आलं आणि मी लपवलं नाही.

जगनने खिशातून फॉर्म काढला. भिजून लगदा झाला होता. "आता, दाजी?" म्हणाला.

मी म्हटलं, "तू चांगली चालवतोस."

२८ मे, सोमवार

गोमाजी तणतणत आला. काल तो डांबरी रस्त्याने ठाण्याला गेला आणि लॉक काढायला विसरला. कडक रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. टायर किंचाळले आणि दात असे ताणले गेले की लिव्हर परत सुटेना. जगनच्या एजन्सीत फोन केला, त्याने सांगितलं थोडी मागे घे. सुटलं.

जुन्या लॉकला समोर एक दिवा होता, लॉक बसलं की लागायचा. मी तो तोडून टाकला होता. हाताला कळतं, दिवा कशाला, अशी माझी ऐट. माझी चूक. काल दात तुटला असता, तर पावसाळ्यानंतर बोटी परत पाण्यात कशा उतरवल्या असत्या? शुक्रवारी येऊन दिवा बसवून देतो म्हणून सांगितलं.

ही वही पहिल्यापासून वाचली. १६ एप्रिलला मी लिहिलंय, जगनला राग यायचं कारण नव्हतं, मी माझ्याबद्दल बोलत होतो. नव्हतो. त्याच्या खाकी शर्टाकडे बघूनच बोलत होतो. आणि तो गुडघाभर चिखलात माझं नाक वाचवायला उभा राहिला. संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन तसं सांगितलं. तो म्हणाला, "सोडा हो, दाजी." मी म्हटलं, सोडत नाही, ऐकून घे. मग त्याने ऐकून घेतलं.

१ जून, शुक्रवार

सकाळी आठ वाजता मी कुणाच्याही गेटवर नव्हतो. गोमाजीच्या गाडीखाली पाठीवर पडून दिव्याची तार ओढत होतो.

तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली. खालून मला फक्त बूट दिसले, पांढरे, चकचकीत. बुटांनी विचारलं, "ते लॉकवाले मिस्त्री कुठे आहेत? माझी पण तशीच गाडी आहे, डिझेल टाकलेली. जरा बोलवा त्यांना."

गोमाजी म्हणाला, "खाली हाय. काम चाललाय."

"मी लांबून आलोय. घाई आहे."

"आसंल. थांबाया लागल."

बूट इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले, मग एका जागी उभे राहिले. माझा आजा येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी जन्मभर उभा राहिला. आमच्यासाठी कुणी उभं राहिलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं. तार जोडून झाली होती. मी ती सोडली आणि पुन्हा सावकाश जोडली.